सालीखाली जीव असतो

एकतीस वर्षं मी देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर एक व्याख्या लिहायची: समान रचना असलेल्या आणि समान कार्य करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. मुलं ती पाठ करत आणि उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरवत. मीही बीएस्सीला तेच केलं होतं. झाडाच्या ऊती मला खऱ्या कळल्या त्या दोन ठिकाणी: माझ्या वडिलांच्या कलमांच्या मांडवात, आणि शाळेच्या आवारात डोळ्यांदेखत वाळत गेलेल्या एका जांभळाखाली. निवृत्तीनंतर पुन्हा बागेत रमले आहे. इतक्या वर्षांत जे पटलं, ते क्रमाने मांडते.

१. हिरव्याला हिरवं लागायला हवं

माझे वडील, आबा, हापूसची कोय कलमं बांधत. पाऊस लागला की रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालायच्या. दहा-पंधरा दिवसांत तांबूस पानांचं रोप वर आलं की त्याचा शेंडा छाटायचा आणि दांड्याला मधोमध उभी चीर द्यायची. हापूसच्या जुन्या झाडावरून आणलेली काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी घट्ट आवळायची. मी बारा वर्षांची असताना आबांनी मला वीस कलमं बांधायला दिली. त्यातली तीन जगली.

आबा रागावले नाहीत. त्यांनी एक मेलेलं कलम सोडलं आणि उजेडात धरलं. काडी खुंटापेक्षा, म्हणजे खालच्या रोपाच्या दांड्यापेक्षा, बारीक होती आणि मी ती अगदी मधोमध बसवली होती. दिसायला सुबक, पण दोन्ही कडांना काडीची साल खुंटाच्या सालीपासून सुटी राहिली होती. आबा म्हणाले, "गो बाय, हिरव्याक हिरवा लागाक व्हया, मगे कलम जीव धरता." मग त्यांनी दुसरी काडी घेतली आणि एका कडेला सरकवून बसवली. दुसरी बाजू उघडी राहिली, तरी ते कलम जगलं.

पुढे कॉलेजात त्या हिरव्याचं नाव कळलं: ऊतिकर, म्हणजेच कॅम्बियम. साल आणि लाकूड यांच्या मधोमध असलेला हा विभाजी ऊतीचा अतिशय पातळ थर. त्याच्या पेशी सतत विभागतात. आतल्या बाजूला पडलेल्या पेशींपासून जलवाहिनी तयार होते, बाहेरच्या बाजूला पडलेल्यांपासून रसवाहिनी. कलम करताना खुंटाचा आणि काडीचा हा थर एका तरी कडेला भिडला, तर दोन्हीकडच्या पेशी वाढून एकमेकींत मिसळतात आणि पाण्याची, अन्नाची वाट जुळते. भिडला नाही, तर काडी स्वतःच्या साठ्यावर आठ-दहा दिवस हिरवी राहते आणि मग वाळते. आबा सातवी शिकलेले होते. त्यांचं ते एक वाक्य मी पुढे प्रत्येक वर्गाला सांगितलं.

२. पाणी चढतं ते मेलेल्या पेशींतून

भाद्रपदात आमच्याकडे तेरड्याची गौर येते. त्या दिवसांत बांधाबांधावर तेरडा फुललेला असतो आणि त्याचं खोड कोवळं, पाणीदार, जवळजवळ आरपार दिसणारं असतं. मी मुलांना मुळासकट एकेक रोप आणायला सांगायचे. मुळं धुऊन रोप लाल शाईच्या पाण्यात उभं करायचं. तास-दोन तासांत खोडात बारीक लाल रेघा वर सरकताना दिसतात. मग ब्लेडने खोडाचा पातळ आडवा काप घ्यायचा. सगळं खोड लाल झालेलं नसतं, फक्त कडेने गोलाकार मांडलेले लाल ठिपके दिसतात. पाण्याला झाडात ठरलेली वाट आहे, हे मुलाला तिथे समजावून सांगावं लागत नाही.

ही वाट म्हणजे जलवाहिनी. तिच्यातल्या पाणी वाहणाऱ्या पेशी पूर्ण वाढ झाल्यावर मरतात. आतला जीवद्रव्याचा भाग नाहीसा होतो, मागे उरते ती लिग्निनने कडक झालेली पोकळ नळी. हे ऐकल्यावर दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "बाई, मेलेली पेशी काम कशी करते?" प्रश्न योग्यच आहे. जगदीशचंद्र बोस यांनीही १९२३च्या ग्रंथात मांडलं होतं, की खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन पावतात आणि पाणी वर ढकलतात. त्यांचं हे मत पुढे टिकलं नाही. त्याच्याही आधी जर्मन शास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी झाडांना विषारी द्रावणं पाजून पाहिली होती. खोडातल्या जिवंत पेशी मेल्या, तरी पाणी वर चढतच राहिलं.

मग ते चढवतं कोण? १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी याचं उत्तर दिलं. पानांच्या रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते, तिची ओढ खालच्या पाण्याला बसते आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून अखंड धाग्यासारखे वर येतात. आमच्याकडे विहिरीवर पंप बसवलेल्या माणसाला ठाऊक असतं, की वरून पाणी ओढणारा पंप दहा मीटरही खोलीवरून पाणी ओढू शकत नाही. कॅलिफोर्नियातले रेडवुड वृक्ष मात्र ११५ मीटर उंचीपर्यंत पाणी नेतात आणि तिथे पंप नाही. पंपाचीच आणखी एक गोष्ट मुलांना लगेच पटायची. सक्शनचा पाइप ओढीने चपटा होऊ नये म्हणून त्याला आतून सर्पिल कडी असते. कोवळ्या जलवाहिनीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, तिच्याही भिंतीवर तशीच कडी, तशीच सर्पिल वेटोळी दिसतात. ओढ झाडातही तेवढीच खरी आहे.

३. पाणी कमी पडलं, तर आधी पानं कमी करा

मुळांनी घेतलेल्या शंभर भाग पाण्यातले सत्त्याण्णवहून अधिक भाग पानांतून वाफ होऊन जातात. झाडाच्या स्वतःच्या बांधणीत राहतं ते अगदी थोडं. हे कळल्यावर आबांच्या दोन सवयींचा अर्थ लागला. कलमासाठी काडी घ्यायची त्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं ते देठ ठेवून छाटत. आणि कलम बांधल्यावर काडीवर प्लास्टिकची पिशवी घालत. जोड जुळेपर्यंत काडीला खालून पाणी मिळणार नाही, म्हणून वरून होणारा खर्च ते थांबवत होते.

नवीन रोप लावताना मुळं दुखावली असतील, तर मीही आता थोडी पानं कमी करते आणि लागवड संध्याकाळी करते. घरात निशिगंधाच्या काड्या आणल्या, की बादलीत पाण्याखाली देठ पुन्हा तिरका कापते. हवेत कापलं तर नळीत हवेचा बुडबुडा शिरतो, पाण्याचा धागा तुटतो आणि काडी पाण्यात उभी असूनही मान टाकते.

४. अन्नाची वाट जिवंत पेशींची असते

आंब्याला मोहोर आला की तुडतुडे येतात. सकाळी बागेत गेलं तर खालच्या पानांवर चिकट, चकचकीत थेंब दिसतात. बोट लावून चाखलं तर गोड लागतं. काही दिवसांत त्यावर काळी बुरशी चढते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांच्या घरी हे दरवर्षी घडायचं, पण ती गोडी कुठून आली हे कुणी विचारलं नव्हतं. तो झाडाच्या रसवाहिनीतला साखरेचा रस असतो. तुडतुडा सोंड तिथवर पोचवतो आणि न पचलेली साखर मागे टाकतो.

रसवाहिनीचं काम जलवाहिनीहून वेगळ्या तऱ्हेने चालतं. तिच्या चालनी नलिकांतल्या पेशी जिवंत असतात, पण त्यांना केंद्रक नसतं. प्रत्येकीला लागून एक सहपेशी असते, ती दोघींचा कारभार सांभाळते. पानात साखर भरली जाते, तिच्यामागे पाणी येतं, दाब वाढतो आणि रस जिथे साखर खर्च होते त्या बाजूला वाहू लागतो. जर्मनीच्या म्युंख यांनी १९३० मध्ये हे सविस्तर मांडलं. वेग साधारण तासाला एक मीटर.

आपण मुलांना सांगतो, पाणी वर जातं आणि अन्न खाली येतं. हे अर्धंच खरं आहे. अन्न गरजेच्या दिशेने जातं. पावसाळ्यात ते मुळांकडे जाईल, मोहोर फुटताना शेंड्याकडे आणि फळ धरल्यावर फळाकडे. म्हणून फळं काढून घेतलेल्या कलमाला पावसाच्या तोंडावर खत द्यायचं, पानं निरोगी ठेवायची. पुढच्या वर्षीच्या मोहोराचं भांडवल तीच पानं जमवत असतात.

५. साल म्हणजे झाडाचा सदरा नव्हे

मला सगळ्यात महाग पडलेला धडा हा.

शाळेच्या आवारात सातवीच्या मुलांनी एक जांभूळ लावलं होतं. वाऱ्याने वाकू नये म्हणून ते लोखंडी जाळीला तारेने बांधलं. आवारातल्या बागेची जबाबदारी माझ्याकडे होती. जांभूळ जोमाने वाढलं, पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचलं. सहाव्या वर्षी पाहिलं, तर तारेच्या वरच्या बाजूला खोडाला वळी आली होती, जशी घट्ट अंगठीच्या वर बोटाला सूज येते. तारेखालचं खोड बारीक राहिलं होतं. पानं हिरवीगार होती, म्हणून मी म्हटलं, सुट्टीनंतर बघू. पुढच्या वर्षी पानं लहान आली. त्यानंतरच्या मे महिन्यात झाड वाळलं. तार काढायला गेलो तेव्हा ती दिसतच नव्हती, सालीत पार बुडाली होती.

ही वळी माझ्या आधी साडेतीनशे वर्षांपूर्वी इटलीच्या माल्पिगी यांनी पाहिली होती. त्यांनी फांद्यांवरून सालीचं कडं काढलं आणि कड्याच्या वरचा भाग फुगतो हे नोंदवलं. रसवाहिनी सालीच्या आतल्या भागात असते. साल कापली किंवा आवळली की पानांनी केलेलं अन्न तिथे अडतं, वर साठतं आणि मुळं उपाशी राहतात. पण पाणी आतल्या लाकडातून चढत असतं, मुळांत जुना साठाही असतो. म्हणून झाड महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दीड वर्ष हिरवं दिसतं. इजा आज होते आणि मरण पुढल्या उन्हाळ्यात येतं. त्यामुळे त्या दोन्हींचा संबंध माणसाच्या ध्यानात येत नाही.

हेच ज्ञान वापरणारे लोकही मी पाहिले. माझी नणंद तासगावकडे दिली आहे. त्यांच्या द्राक्षबागेत मणी धरल्यावर वेलीच्या खोडावर गर्डलिंग करतात. दोन पात्यांच्या चाकूने चार-पाच मिलिमीटर रुंदीची सालीची पट्टी गोल काढायची, लाकडाला धक्का न लावता. काही आठवडे अन्न खाली जात नाही, घडांकडे वळतं आणि मणी फुगतो. तोवर जखम भरून येते आणि मुळांचा पुरवठा सुरू होतो. पट्टी रुंद झाली किंवा चाकू खोल गेला तर वेल जाते. माझ्या नणंदेचे यजमान ते काम मजुरावर सोडत नाहीत, स्वतः करतात.

भिरूड ही कीड आंब्याला मारते तीही याच ठिकाणी. तिची अळी सालीखाली पोखरत जाते. खोडावर भुसा किंवा डिंक दिसला की त्याच दिवशी भोक शोधायला हवं.

६. झाडाला आधार तीन तऱ्हांनी मिळतो

मिरचीचं रोप दुपारी मान टाकतं आणि पाणी मिळालं की तासाभरात उभं राहतं. त्याला हाडं नाहीत. पाण्याने टम्म फुगलेल्या मूल ऊतीच्या पातळ भिंतीच्या पेशी एकमेकींना रेटून त्याला उभं ठेवतात. हा पहिला आधार, पाण्याचा.

दुसरा पाहायचा असेल, तर तुळशीची कोवळी फांदी बोटांत फिरवून बघा. ती चौकोनी लागते. तिच्या चार कडांना स्थूलकोन ऊती असते. या पेशी जिवंत, कोपऱ्यांत जाड भिंतीच्या, आधार देणाऱ्या आणि तरीही वाढीबरोबर ताणल्या जाणाऱ्या. फांदी वाऱ्यात वाकते आणि मोडत नाही, ती यांच्यामुळे.

तिसरा आधार दृढ ऊतीचा. आमच्याकडे नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घालतात. मऊ भाग कुजून जातो आणि मागे काथ्या उरतो. हे धागे म्हणजे दृढ ऊतीच्या मेलेल्या, लिग्निन भरलेल्या पेशी. त्याच नारळाची करवंटीही दृढ ऊतीचीच, फक्त पेशींचा आकार वेगळा, आखूड आणि दगडासारखा. पेरू खाताना दाताखाली जी खरखर लागते, तीही अशाच अश्मपेशींची. पेरूची एक फोड वर्गात वाटली, की हा भाग मुलं कधी विसरत नसत.

७. माडाला आंब्याचे नियम लावू नका

आंब्याच्या खोडाला जखम झाली तर कडेने नवी साल येते आणि जखम मिटते. माडाच्या खोडावर चढायला पाडलेल्या खाचा मात्र माझ्या आजोबांच्या वेळेपासून तशाच आहेत. माडाला ऊतिकर नसतं. त्याच्या खोडात वाहिन्यांच्या जुड्या सगळीकडे विखुरलेल्या असतात, कडेला दाट आणि मध्ये विरळ. म्हणून माडाचं कलम होत नाही, त्याची जखम भरत नाही आणि खोड वर्षागणिक जाड होत जात नाही.

याच रचनेने त्याला बळही दिलं आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. आमच्या वाडीतली दोन आंब्याची झाडं मधोमध चिरली, पण माड जमिनीकडे वाकून पुन्हा उभे राहिले. माडाची वाढ होते ती मात्र शेंड्यावरच्या एकाच कोंबातून. गेंड्या भुंग्याने तो कोंब खाल्ला तर माड संपला. म्हणून आंब्याचं खोड जपायचं आणि माडाचा शेंडा.

८. उंची शेंड्याला वाढते, जाडी कडेला

शाळेमागच्या वडावर कुणीतरी बदामात कोरलेली दोन नावं होती. वीस वर्षांत वड कितीतरी उंच झाला, पण ती नावं माझ्या खांद्याच्या उंचीवरच राहिली. उंची वाढते ती टोकाच्या विभाजी ऊतीमुळे, खोड खालून वर उचललं जात नाही. ठोकलेला खिळाही तिथेच राहतो आणि दरवर्षी नवं लाकूड त्याला गिळत जातं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे पोकळ झाडं. गाभ्याचं जुनं लाकूड आधार देतं, पाणी नेत नाही. पाणी नेतात ती बाहेरची नवी वर्तुळं. त्यामुळे आतून पोकळ झालेला वृक्षसुद्धा वर्षानुवर्षं पालवतो. पोकळ दिसलं म्हणून झाड मेलं असं ठरवू नये आणि वरून हिरवं दिसतं म्हणून ते सुखरूप आहे असंही मानू नये. आधी साल बघावी.

९. आधी ब्लेड, मग व्याख्या

शिक्षक मित्रांना हे आवर्जून सांगते. आमच्या शाळेत पन्नास मुलांना एक सूक्ष्मदर्शक होता. पहिली काही वर्षं मी आधी आकृती काढायचे, नावं द्यायचे आणि वेळ उरला तर काप दाखवायचे. वेळ कधी उरत नसे. नंतर क्रम उलटा केला. पहिल्या तासाला तेरड्याचा काप, पेरूची फोड, काथ्याचा धागा आणि तुळशीची काडी. दुसऱ्या तासाला मुलं स्वतःच विचारायची, "बाई, याला काय म्हणतात?" त्या प्रश्नानंतर सांगितलेली नावं त्यांच्या लक्षात राहिली. सॅफ्रानिनच्या एका थेंबाने लिग्निन असलेल्या पेशी लाल होतात, तो काप पाहताना एक मुलगी म्हणाली होती, "बाई, यात मेलेल्या पेशी जास्त सुंदर दिसतात." ती आज कृषी सहायक आहे.

शेवटी एक विनंती. पावसाआधी आपल्या घरासमोरच्या, शाळेच्या आवारातल्या, रस्त्याकडेच्या झाडांपाशी जा आणि खोडाभोवती हात फिरवा. तार, दोरी, जाळीचं कडं, दिव्यांच्या माळेची वायर, जाहिरातीच्या फलकाचे खिळे, काहीही असेल तर मोकळं करा. तार सालीत रुतली असेल तर ओढू नका, साल सोलून निघेल. पकडीने ती जागोजागी कापा, निघेल तेवढा भाग काढा आणि उरलेला तसाच राहू द्या. कापल्यामुळे तिचा आवळ सुटतो. बांधणं भागच असेल तर सुताची पट्टी सैल बांधा आणि दरवर्षी पावसाआधी सोडून पुन्हा बांधा. या कामाला दहा मिनिटं लागतात. मी ती दहा मिनिटं पुढे ढकलली होती आणि आमच्या जांभळाची सावली मुलांना मिळाली नाही.